प्लगवरचं पाणी

वैशालीचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. वैशाली ही माझ्या नवऱ्याची पहिली बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली आणि श्रीकांतशी माझं लग्न होऊन दोन. मी तिला कधीच पाहिलेलं नाही. साताऱ्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी सतरा वर्षं काम करते. दिवसभर लोकांचं रक्त, लघवी, थुंकी तपासायची आणि जे दिसेल तेवढंच कागदावर लिहायचं, ही माझी नोकरी. मेलेल्या बाईचा हेवा करण्यात काही अर्थ नाही हे मला नीट कळतं. कळून फरक पडत नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीला आम्ही तीन दिवस तिच्या माहेरी जाऊन आलो. पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्याला लागून वीसेक घरांची वाडी आहे. नाव लिहीत नाही. वाडीतली माणसं हे वाचणार नाहीत, पण त्यांचे मुंबईतले पाहुणे वाचतील आणि फोन करतील. वैशालीचे आईवडील, म्हणजे आई आणि आबा, दोन वर्षं बोलवत होते. लेकीच्या जागी आलेल्या बाईला लेक मानून एकदा घरी न्यायचं, तिची ओटी भरायची, अशी तिकडची रीत. आमच्याकडेही सवतीचा मान असतो, पण तो वेगळा. दुसरेपणाच्या बाईने गळ्यात पहिलीच्या नावाची पुतळी घालायची. माझ्या सासूबाईंनी ती हौसेने करून घेतली होती. मी आठ दिवस घातली आणि साखळीने मान खाजते म्हणून काढून ठेवली.

शनिवार

मेढ्यावरून महाबळेश्वर चढून पलीकडे आंबेनळी घाट उतरलो. महाबळेश्वरात स्ट्रॉबेरीच्या गाड्या नुकत्याच लागायला लागल्या होत्या आणि हवेत चांगलाच गारठा होता. घाट उतरताना प्रतापगड एका वळणावर डावीकडे, तर पुढच्या वळणावर समोर दिसतो. खाली उतरावं तशी हवा जड होते, झाडी दाट होते आणि कानात दडे बसतात. श्रीकांत वळणांवर हॉर्न वाजवत होता. तोंडाने वैशालीचं नाव काढत नव्हता, पण कुठे थांबायचं, कुठल्या टपरीवर चहा बरा मिळतो, कुठल्या पुलाखाली पाणी बारमाही असतं, हे त्याला ज्या सहजपणे ठाऊक होतं त्यावरून मला सगळं कळत होतं.

गाडीसुद्धा तिचीच. पांढरी, अकरा वर्षांची. बँकेतल्या नोकरीच्या पगारातून तिने ती घेतली आणि स्वतः चालवली. माझ्याकडे लायसन्स आहे, पण त्या गाडीच्या स्टिअरिंगला मी हात लावलेला नाही. मागच्या वर्षी क्लच बदलला तेव्हा श्रीकांत म्हणाला होता की आता इंजिन उघडायची वेळ आली, तर काढून टाकू हिला. ते वाक्य मी मनात जपून ठेवलं होतं.

पोलादपूरला महामार्ग ओलांडून आम्ही वाडीच्या रस्त्याला लागलो. हा रस्ता आता सिमेंटचा आहे. दोन्ही बाजूंना भात कापलेली खाचरं, मधे मधे पेंढ्याच्या उडव्या, आणि वर गेल्यावर उतारावर नाचणीची वाळलेली ताटं. शेवटच्या चढावर श्रीकांतने दोनदा हॉर्न दिला. पहिल्या घरातून एक बाई हात पुसत बाहेर आली, मागून दुसरी आली. बांधावर गवत कापणारी एक म्हातारी कमरेवर हात ठेवून सरळ झाली. सगळ्या हसत होत्या. गाडी थांबली, डावीकडचं दार उघडून मी उतरले, आणि ते हसू जागच्या जागी थांबलं. कुणी वाईट वागलं नाही. पुढच्याच क्षणी "या, या" झालं, पायावर पाणी आलं. पण तो एक क्षण मी पाहिला.

आई बुटक्या, काटक आहेत. गुडघे धरून चालतात. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ बघितला. आबा उंच, वाकलेले आणि फार कमी बोलणारे. ते श्रीकांतच्या खांद्यावर हात ठेवून गाडीकडे गेले, तिच्याभोवती एक चक्कर मारली, बोनेटवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "बरी हाय." माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली.

संध्याकाळी जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, भाजलेली सुकट आणि म्हशीच्या दुधाचं घट्ट दही होतं. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची. तांदळाची भाकरी कागदासारखी पांढरी, मऊ आणि गरम असतानाच खायची असते हे मला माहीत नव्हतं. मी बोलत बसले आणि ती चामट झाली. आईंनी ती उचलून दुसरी वाढली आणि सांगितलं की वैशूला पण पहिल्यापहिल्यांदा, म्हणजे साताऱ्याहून यायला लागल्यावर, इथली सवय मोडली होती. मग जेवण संपेपर्यंत तिच्याबद्दलच ऐकलं. रस्ता मातीचा असताना तिने गाडी वर कशी आणली. वाडीतल्या बाळंतिणीला पोलादपूरच्या दवाखान्यात कशी नेली. चाकाखाली दगड लावायला पुरुष धावत होते आणि ती आतून हसत होती. भिंतीवर तिचा फोटो होता. सुंदर वगैरे नव्हती. त्याने मला बरं वाटायला हवं होतं, पण फोटोतसुद्धा ती समोरच्याचं ऐकून घेत असल्यासारखी दिसत होती. त्याचाच मला राग आला.

आईंनी माझी ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण आणि एक पोपटी साडी. साडीला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. ती कुणासाठी घेऊन ठेवलेली होती हे मी विचारलं नाही.

गाडी चालवून दमलेला श्रीकांत बाहेर पडवीत गाढ झोपला, मी माजघरात आईंजवळ. पहाटे कधीतरी बादली आणि पाणी सांडल्याचा आवाज आला. म्हशी धूत असतील असं वाटून मी कूस बदलली.

रविवार, पोलादपूर

बेत असा होता की आईंना घेऊन महाडजवळ सवच्या गरम कुंडांवर जायचं. त्यांच्या गुडघ्यांना त्या पाण्याने बरं वाटतं. आबा म्हशींमुळे घरीच थांबणार होते. सकाळी गाडी नव्यासारखी चकचकत होती. श्रीकांतच्या ते लक्षात आलं की नाही कुणास ठाऊक, कारण किल्ली फिरवताच गाडीने त्याचं सगळं लक्ष ओढून घेतलं. इंजिन लागलं, पण ताप चढलेल्या माणसासारखं थरथरायला लागलं. मागच्या नळीतून पांढरी वाफ येत होती. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करत होता. उतार असल्यामुळे आम्ही कसेबसे खाली आलो. मागच्या सीटवर आई दर धक्क्याला "सावकाश, सावकाश" म्हणत होत्या, जणू गाडीलाच समजावत होत्या.

पोलादपुरात महामार्गाच्या बाजूला इक्बालभाईंचं गॅरेज आहे. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ढकललेला माणूस. गाडी बघताच म्हणाला, "ही तर वैशालीताईची गाडी." मग माझ्याकडे पाहून त्याने चष्मा खाली घेतला आणि कामाला लागला. त्याच्या दारात आणखी तीन गाड्या उभ्या होत्या, त्यातल्या एकीतलं मुंबईचं कुटुंब घाईला आलं होतं. तो भराभर हात चालवत होता.

बोनेट उघडून त्याने दोन नंबरची कॉइल ओढून काढली. कॉइल म्हणजे प्लगच्या डोक्यावर बसणारा, त्याला वीज देणारा काळा दांडा. तो खालून ओला होता. मग लांब पाना घालून प्लग काढला. तोही ओला. तीन नंबरचं तेच. "दोन आणि तीन, शेजारशेजारचे," तो म्हणाला. "साहेब, हेड गॅस्केट गेली वाटतं, इंजिनाच्या सांध्यातलं पॅकिंग. इंजिनातलं पाणी आत उतरतंय. वाफ पण पांढरी मारते ना?" ते नक्की करायला आणि दुरुस्त करायला इंजिन वरून उघडावं लागेल, सामान पनवेलवरून येईल, आठ-दहा दिवस धरा, असं त्याने सांगितलं. आज हातातल्या गाड्या संपवून उद्या सकाळी उघडू.

श्रीकांतने गाडीच्या पत्र्यावरून बोट फिरवलं. मग हळू म्हणाला, "उघडण्याइतकं असेल तर राहू दे, इक्बालभाई. मग ठेवण्यात अर्थ नाही. तुम्हीच कुणी गिऱ्हाईक बघा."

हे मी दोन वर्षं ऐकायची वाट बघत होते. आनंद झाला. खोटं कशाला लिहू? माझ्या दारातून ती पांढरी गाडी जाईल आणि तिच्या जागी आम्ही दोघांनी मिळून निवडलेली एखादी येईल, एवढं सगळं चित्र मी तिथे ग्रीसच्या वासात उभी राहून पाहून घेतलं. मग श्रीकांतचा चेहरा पाहिला आणि वाटलं, आपण मेलो तर हा असा दिसेल का.

इक्बालभाई फोनवर बोलत बाजूला गेला. मी बोनेटवर वाकले. सवयच ती. कुठे काही ओलं दिसलं की माझा हात थांबत नाही. पर्समधला कागदी रुमाल पिळून त्याची वात केली आणि तीन नंबरच्या खड्ड्यात सोडली. प्लग इंजिनात खोल खड्ड्याच्या तळाशी बसतो. वात वर आली ती भिजून. मी ती बोटांत चोळली. तेल असतं तर चिकटपणा आणि काळा डाग राहिला असता. पेट्रोल असतं तर वास आला असता आणि क्षणात उडून गेलं असतं. इंजिन थंड ठेवणारं पाणी, कूलंट, या गाडीत हिरवं आहे, प्लास्टिकच्या डब्यात बाहेरूनच दिसत होतं, आणि डबा खुणेपर्यंत भरलेला होता. माझ्या बोटांवर होतं ते बिनरंगी आणि किंचित बुळबुळीत. नाकाजवळ नेलं. लिंबाचा वास आला. कपड्याच्या पावडरीचा.

म्हणजे पाणी आतून आलेलं नव्हतं. वरून पडलेलं होतं. खड्ड्यात साचलेलं पाणी फुंकून न काढता इक्बालभाईने घाईत प्लग उपसला, तेव्हा ते पाणी खाली वाहून प्लगचं टोकही भिजलं, आणि त्याला वाटलं की टोक आधीपासूनच ओलं होतं. पहाटेचा बादलीचा आवाज मला आठवला. गाडी का चमकत होती तेही कळलं.

एक वाक्य बोलायचं होतं. मी कागदी रुमालाचा बोळा केला आणि पर्समध्ये टाकला.

सव

श्रीकांत गॅरेजवरच थांबला. आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसा गाडीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. आईंना आणि मला त्याने महाडच्या एस.टी.त बसवून दिलं. महाडला स्टँडवर आईंचा मुलगा डबा घ्यायला आला होता. तो औद्योगिक वसाहतीत कामाला आहे आणि बिरवाडीत खोली घेऊन राहतो. कंपनीच्या निळ्या कपड्यांतच आला, माझ्या पाया पडला आणि पाळी चुकेल म्हणून पळाला. मला तो ताई म्हणाला. सवयीने म्हणाला की मुद्दाम, हे मी पुढे बराच वेळ ठरवत होते.

रिक्षा मिळेपर्यंत आम्ही चवदार तळ्याच्या काठावर बसलो. मार्च सोडून इतर दिवसांत तिथे निवांत असतं. दोन कॉलेजच्या मुली वह्या घेऊन बसल्या होत्या, एक माणूस आपल्या नातवाला पाण्यातले मासे दाखवत होता. आईंनी कनवटीतून शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले.

सवला बायकांचं कुंड वेगळं, आडोशाला आहे. गंधकाचा वास दुरूनच येतो. मी मोठ्या धिटाईने सरळ पाऊल आत टाकलं आणि भाजल्यासारखी मागे सरले, तेव्हा तिथल्या चार बायका पोट धरून हसल्या. आधी हाताने पाणी घेऊन पायावर सोडायचं, मग घोटा, मग गुडघा, असं त्यांनी शिकवलं. हळूहळू ते पाणी सोसायला लागलं. आईंनी लुगडं वर खोचून पाय सोडले आणि डोळे मिटले. त्या अशा बसल्या होत्या की त्यांना विचारणं सोपं गेलं.

मी विचारलं की आबा पहाटे गाडी धूत होते का.

"धूत व्हता ना," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "झाकन उघडून आतनं पन धुतली. वैशूनं दाखवलेलं त्याला झाकन कसं उघडायचं. ती आली आनि कुठं जायची असली का असाच धुवायचा."

वैशाली असताना त्यांनी इंजिनावर पाणी ओतलं होतं का, असं मी विचारलं. तेव्हा ती शेजारी उभी राहायची, कुठं फडकं मारायचं आणि कुठं पाणी घालायचं ते सांगायची, असं उत्तर आलं. आता सांगायला कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी सगळीकडेच पाणी घातलं. दोन बादल्या, साबणाची पावडर टाकून.

"मी म्हटलं त्याला, आता कशाला धुतोस?" आई म्हणाल्या. "तर म्हनतो, घरची लेक जानार, गाडी मळकी कशी धाडू?"

मी न राहवून विचारलं, "कोणती लेक, आई?"

त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. पहिल्या दिवशी चेहरा हातांत घेऊन बघितलं होतं तसं नाही. जरा वैतागून. "आता दुसरी कोन हाय गो?" म्हणाल्या आणि पाण्यातले पाय पुसायला लागल्या.

हे ऐकून माझं मन निवळलं असं लिहिता आलं असतं. निवळलं नाही. परतीच्या रिक्षात मी तेच वाक्य उलटसुलट करत होते. म्हाताऱ्याच्या मनात ती होती की मी? ज्या हातांनी तो तिची गाडी धुवायचा त्याच हातांनी धुतली, मग त्यात माझ्या वाट्याचं किती? लॅबमध्ये नमुन्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असल्या तर मी त्या वेगळ्या करू शकते. इथे ते जमत नव्हतं.

दुसरा विचार मात्र स्पष्ट होता. गाडी गेली, तर ती आबांनी घालवली असं होणार होतं. आज नाही तर उद्या कोणीतरी हिशोब जुळवेल आणि त्या वाकलेल्या माणसाला कळेल की लेकीची गाडी आपल्या हातून गेली. मला गाडी नको होती. पण तशी नको होती.

सोमवार

सकाळी आम्ही तिघे वाडीवरून जीपने खाली आलो. मी, श्रीकांत आणि आबा. आबा गाडीला शेवटचं बघायला म्हणून आले होते. धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला टोपी घालून, एखाद्याला पोचवायला निघावं तसे. पोलादपुरात उतरल्यावर मी मेडिकलच्या दुकानातून एक मोठी सिरिंज, एक प्लास्टिकची नळी आणि झाकणाची छोटी बाटली घेतली. श्रीकांतने कशाला म्हणून विचारलं. मी म्हटलं, बघ.

गिऱ्हाईकाला सांगायला आत किती बिघडलंय ते बघावं म्हणून इक्बालभाईने पाने मांडून ठेवले होते. उघडायच्या आधी मला पाच मिनिटं द्या, असं मी त्याला सांगितलं. त्याने माझ्या हातातल्या सिरिंजकडे पाहिलं आणि हसू आवरलं. पण बाजूला झाला. एक नंबरची कॉइल त्याने काल काढलीच नव्हती. ती काढायला लावली. खाली खड्ड्यात, अजून घट्ट बसलेल्या प्लगच्या भोवती, बोटभर पाणी उभं होतं. नळी सोडून मी ते सिरिंजने ओढून घेतलं, बाटलीत सोडलं, झाकण लावून हलवलं. बाटली पांढऱ्या फेसाने भरली आणि फेस तसाच राहिला.

मी बाटली त्याच्या हातात दिली. त्याने झाकण उघडून वास घेतला. मग हिरव्या कूलंटच्या डब्याकडे पाहिलं, तेलाची काडी ओढून पुसली, परत बुडवून बघितली. तेल स्वच्छ होतं, पाणी मिसळल्यावर होतं तसं दुधट झालेलं नव्हतं. यावेळी त्याने आधी हवेची नळी लावून खड्डा कोरडा केला आणि मगच प्लग काढला. टोक कोरडं होतं, बिस्किटाच्या रंगाचं.

इक्बालभाईने प्लग फडक्यावर ठेवला. "चूक झाली माझी," तो म्हणाला. "वरचं पाणी मी खालचं समजलो. काल हवा मारली असती तर कालच कळलं असतं." चूक कबूल करायला त्याला वेळ लागला नाही, याचं मला कौतुक वाटलं. मला स्वतःला एक दिवस लागला होता.

त्याने बाकीचे खड्डे कोरडे केले, सगळे प्लग बाहेर ठेवून इंजिन दोन-तीनदा फिरवलं, तेव्हा आत उतरलेलं पाणी फवाऱ्यासारखं बाहेर उडालं. कॉइल उन्हात वाळवल्या, प्लग पुसून बसवले. श्रीकांतने किल्ली फिरवली. एक-दोन आचके आले आणि मग इंजिन एका सुरात चालू झालं. श्रीकांत हसला. लग्नातल्या फोटोंतसुद्धा तो असा हसलेला नाही.

मग इक्बालभाईने ते विचारलं, जे कोणीतरी विचारणारच होतं. इंजिनावर एवढं पाणी कोणी मारलं?

श्रीकांत माझ्याकडे बघत होता. आबा त्याच्या मागे उभे होते. त्यांचा चेहरा मला दिसत होता, श्रीकांतला नाही. त्यांनी बाटलीतला फेस पाहिला, स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि टोपी काढून छातीशी धरली. ते बोलायला तोंड उघडत होते.

"मी धुतली," मी म्हणाले. "काल पहाटे जाग आली होती. मला काय माहीत आत पाणी घालायचं नसतं."

इक्बालभाई हसला आणि पुढच्या गाडीकडे वळला. आबांनी टोपी परत डोक्यावर घातली.

वाडीवर आबांना सोडायला आणि आईंचा निरोप घ्यायला परत गेलो. आईंनी तांदूळ, नाचणी, वाल आणि तुपाची बरणी गाडीत भरायला लावली. श्रीकांत त्यांच्याशी बोलत असताना आबा माझ्याजवळ आले. माझ्याशी ते पहिल्यांदाच असं समोर येऊन बोलत होते.

"मी सांगनार व्हतो त्याला," ते म्हणाले.

"माहीत आहे, आबा."

"मंग तू कशाला?"

मी म्हटलं, असू दे. मग त्यांनी वाकून आतला खटका ओढला, बोनेट उघडलं आणि बाजूला सरले.

"कुठं घालायचं नाय, दाखव."

मी बोट ठेवून एकेक दाखवलं. हे नाही, हे नाही, इथे फक्त ओलं फडकं. ते मान हलवत होते. शेवटी त्यांनीच झाकण लावलं, तळव्याने दाबून.

परत, आंबेनळी चढताना

घाटात निम्म्या वाटेवर, खाली सावित्रीचं खोरं दिसतं तिथे, श्रीकांतने गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. काही बिघडलं का म्हणून मी बघितलं, तर तो माझ्याकडे बघत होता.

"मला वाटायचं तुला ही गाडी डोळ्यांसमोर नको असते," तो म्हणाला. "आणि तू एवढ्या थंडीत उठून ती धुतलीस."

त्याने माझा हात हातात घेतला. बोटं उलटीसुलटी करून बघितली, पाण्याने भेगा पडल्यात का ते शोधत असल्यासारखी. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी दोन वर्षं त्या घरात शोधत होते, कपाटांमागे, जुन्या फोटोंत, तो वैशालीबद्दल चुकून काही बोलला तर त्याच्या आवाजात. आता ते समोर होतं, माझ्याकडे बघत होतं. खरं सांगावं असं वाटलं. मग टोपी छातीशी धरलेले आबा दिसले आणि मी ओठ मिटले.

खालून एक ट्रक हॉर्न देत वर आला आणि निघून गेला. श्रीकांत अजून माझा हात धरून होता. अंधारात उठून, थंडगार पाण्यात हात घालून, सवतीची गाडी धुणाऱ्या त्या बाईवर त्याचं मन जडलं होतं. मी काचेतून दरीकडे बघत राहिले, आणि मला तिचा हेवा वाटला.